पाहुणे जहाज

सल्ला देण्याची खोड मला शिक्षकी पेशातून लागली असावी. पस्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाला हळूहळू असे वाटू लागते की, समोर येणारा प्रत्येक जण इयत्ता आठवीत आहे. निवृत्त झालो, हातातला खडू सुटला. खोड मात्र सुटली नाही. कोणाच्या मुलाने कोणती शाखा घ्यावी, कोणी विहीर कोठे खणावी, कोणाच्या गुडघ्याला कोणते तेल चोळावे, सर्व बाबतींत माझे मत तयार असते. सुदैवाने नातेवाईक माझे सल्ले मान डोलावून ऐकतात आणि चहा पिऊन झाल्यावर विसरतात, म्हणून आजवर कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. पण एकदा माझा एक सल्ला खरोखरच ऐकला गेला. त्या सल्ल्याची, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या एका जहाजाची, ही हकीकत.

माझी आत्या जयगडला राहते. रत्नागिरीच्या उत्तरेला शास्त्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे दक्षिण तीरावर जयगडचा किल्ला आहे. पलीकडच्या तीरावर तवसाळ. आत्याच्या पडवीतून खाडीचे तोंड दिसते. आणि घरामागचा चढ चढून सड्यावर गेले की धामणखोलचा उपसागर आणि त्यापलीकडचा उघडा समुद्र दिसतो. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिचे अर्धे आयुष्य पडवीतून आणि उरलेले सड्यावरून पाण्याकडे पाहण्यात गेले, असे म्हटले तरी चालेल.

पाहण्यासारखे काही होते म्हणून नव्हे. आतोबा मुंबईला गिरणीत होते. त्या काळी जयगडहून मुंबईला जायचे म्हणजे बोटीने. बोट काही काठाला लागत नसे. ती आपली दूर पाण्यात उभी राहायची, भोंगा द्यायची, आणि माणसे पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. लाटांवर पडाव वर जाई, बोट खाली येई. त्या एका क्षणात शिडी पकडायची. ट्रंका, आंब्याच्या करंड्या, रडणारी पोरे, सगळे त्या एका क्षणात चढायचे. लहानपणी मी ते पाहिले आहे. काठावर उरलेली बायामाणसे पदर डोळ्यांना न लावता उभी राहायची, कारण दर्यावर जाणाऱ्याच्या पाठीमागे रडू नये असे म्हणत. बोट दिसेनाशी झाली की चढ चढून घरी यायचे आणि चुलीत फुंकर घालायची. डोळ्यांत पाणी आले तर ते धुराने आले, असे म्हणायची सोय होती.

आतोबा गेले, गिरण्या गेल्या, बोटीही गेल्या. आता आतेभाऊ विमानाने जातो, एवढाच फरक. तो वेल्डर आहे. कतारमध्ये रास लफान म्हणून वायूचे मोठे शहर आहे. तेथे समुद्राखालचा वायू वर काढून थंड करतात, त्याचा द्रव करतात आणि जहाजांत भरून देशोदेशी पाठवतात. त्या नळ्यांच्या जंगलात आमचा आतेभाऊ सांधे जोडतो. दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी येतो. घरी आत्या, तिची सून आणि एक नात.

२०२० च्या पावसाळ्यानंतर मी जयगडला गेलो होतो. येण्यापूर्वीच वर्तमानपत्रात वाचले होते की, जयगडच्या बंदरात द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवण्यासाठी तरंगते टर्मिनल येऊ घातले आहे. आपल्या देशात असे टर्मिनल पहिलेच. झाले! मला फळा मिळाला. पडवीत बसून मी आत्याला शिकवायला सुरुवात केली.

"हे बघ आत्या, हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचे पाणी होते. सहाशे लिटर वायू एका लिटरात बसतो."

"म्हणजे बासुंदीसारखं आटवतात," आत्या म्हणाली.

"बासुंदी तापवून आटते. हे थंडीने आटवतात."

"आणि मग पुन्हा वायू करायचा तर?"

"तर समुद्राचेच पाणी घ्यायचे. आपल्याला जे पाणी गार लागते, ते या द्रवाला उकळत्या आधणासारखे. त्या उबेनेच तो भसाभस उकळतो. पाणी थोडे थंड होऊन पुन्हा समुद्रात जाते, आणि वायू नळीने दाभोळला, तेथून देशभरच्या नळ्यांत."

आत्याने थोडा वेळ विचार केला. "आणि वास? आपल्या सिलिंडरला येतो तसा?"

तिचा प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला. वर्गात असा प्रश्न वर्षातून एखाद्याच मुलाने विचारावा. मी तिला सांगितले की, या वायूला स्वतःचा रंगही नाही आणि वासही नाही. घराघरात पाठवताना गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंध मिसळतात. शिवाय सिलिंडरातला वायू वेगळा. तो हवेहून जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचून राहतो. हा हवेहून हलका. मोकळीक मिळाली की वर निघून जातो. वर निघून जाणाऱ्या वस्तूविषयी आपण काय बोलत आहोत, हे तेव्हा मला कळले नाही.

माझ्या ज्ञानाला त्या दिवशी भरती आली होती. मी तिला सांगितले की, १९५९ साली मिथेन पायोनियर नावाच्या जहाजाने अमेरिकेतल्या लुइझियानाहून इंग्लंडच्या कॅन्व्ही बेटावर अशा द्रवाची पहिली खेप समुद्रापार नेली. ते महायुद्धातले जुने मालवाहू जहाज होते. त्यात खास टाक्या बसवून घेतल्या होत्या. आपल्याकडे गुजरातेतल्या दहेजला २००४ साली कतारहून पहिले जहाज आले. दाभोळचे टर्मिनल तर आपल्या शेजारचेच. पण त्याची कुंडली सर्वांना ठाऊक आहे. १९९२ साली प्रकल्पाचा गाजावाजा, २००१ साली सगळे बंद, आणि वायूचे टर्मिनल चालू व्हायला २०१३ उजाडले. लाटा अडवणारा बांध पुरा नसल्यामुळे पुढेही कित्येक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लागू शकत नसे. जमिनीवर असे टर्मिनल बांधायचे म्हणजे मोठाल्या टाक्या, चार-पाच वर्षे, आणि अफाट पैसा. त्यापेक्षा एका जहाजावरच टाक्या आणि यंत्रे बसवायची, ते आणून धक्क्याला बांधायचे, की झाले टर्मिनल! जमीन थोडी, वेळ थोडा, खर्च थोडा.

"आणि माणसं?" आत्याने विचारले.

मी म्हणालो, "माणसे लागणारच. एवढा मोठा कारभार!"

येथे माझे चुकले. तिने विचारलेल्या सर्व प्रश्नांत हा एकच प्रश्न असा होता की, ज्याचे उत्तर मी वाचलेले नव्हते. आणि त्याचेच उत्तर मी सर्वांत जलद दिले.

त्या रात्री आतेभावाचा फोन आला. त्याच्या कराराची मुदत डिसेंबरात संपत होती. मी आत्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "अरे, ज्या वायूसाठी तू तिकडे गेलास, तोच वायू आता तुझ्या दारात येतो आहे. तुझ्यासारखा अनुभवी वेल्डर इथे कोणाला मिळणार? करार वाढवू नकोस. घरी ये." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणता तर..." आणि वाक्य तेथेच राहिले. आत्या चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिने मागे वळून पाहिले नाही. पण फुंकणी मात्र तिच्या हातात तशीच थांबली.

तो फेब्रुवारी २०२१ मध्ये घरी आला.

जहाजही आले. १२ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. होएग जायंट त्याचे नाव. कोरियात बांधलेले, सिंगापूरच्या गोदीतून निघालेले, जवळजवळ तीनशे मीटर लांब. त्याच्या पोटात १,७०,००० घनमीटर द्रव मावतो. त्या दिवसांत करोनाची दुसरी लाट होती. कोणी कोणाच्या घरी जात नव्हते. मी पुण्यात कोंडून पडलो होतो. पण आतेभावाने सड्यावरून छायाचित्र पाठवले. निळ्या पाण्याच्या कडेला एक मोठी, शांत, लांबलचक आकृती. खाली त्याने लिहिले होते, "आलं." दुसऱ्या दिवशी आत्याने गुढी उभारली, तेव्हा पहिल्यांदा गुढीला हळदकुंकू वाहिले आणि मग समुद्राच्या दिशेला हात जोडले, असे सुनेने मला सांगितले. पाहुणा दारी आला की पाय धुवायला पाणी द्यावे, ही आपली रीत. या पाहुण्याच्या पायाशी पाण्याला काय तोटा!

त्यानंतर सर्व जण वाट पाहू लागले. मे महिन्याच्या मध्याला तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले. आत्याच्या घराची कौले उडाली. रात्रभर ती देवापाशी बसून होती. सकाळी फोनवर पहिले वाक्य बोलली, "जहाजाचं काय झालं रे?" मला हसू आले. घरावर कौल नव्हते आणि हिला परदेशी जहाजाची काळजी.

आतेभाऊ अर्ज घेऊन हिंडत होता. तेव्हा त्याला जे समजले ते त्याने मला फोनवर सांगितले, फार सौम्य शब्दांत. जहाज चालवायला जी तीसएक माणसे लागतात ती जहाज आपल्याबरोबरच घेऊन येते. काठावर थोडी माणसे लागतात. ती धक्का सांभाळणारी, झडपा पाहणारी, पहारा करणारी. नळ्यांचे मोठे काम एकदा झाले की झाले. तरंगत्या टर्मिनलाचा मोठा गुण हाच की, त्याला काठाची फारशी गरज नसते. जमीन थोडी, वेळ थोडा, खर्च थोडा, असे मी मोठ्या अभिमानाने म्हणालो होतो. त्या यादीत 'माणसे थोडी' हेही होते. ते वाचायला मी विसरलो.

पुढे ऐन हिवाळ्याच्या तोंडावर मी जयगडला जाऊ शकलो. सड्यावर आम्ही दोघे उभे राहिलो. मी सवयीने हिशेब केला. जहाजातला सर्व द्रव उकळला तर दहा कोटी घनमीटर वायू होईल. आणि पूर्ण वेगाने यंत्रे चालली तर दिवसाला दोन कोटी घनमीटरांहून थोडा अधिक वायू किनाऱ्यावर जाईल. म्हणजे एवढे अवाढव्य जहाज, पण त्याची शिदोरी पाच दिवसांची. दर पाच दिवसांनी दुसऱ्या जहाजाने येऊन त्याचे पोट भरायचे. जगातला भाव परवडला तर ते येणार. नाही परवडला तर येणार नाही. आणि त्या वर्षी भाव असा चढत होता की, श्रीमंत देशांचेही डोळे फिरावेत.

तवसाळच्या फेरीबोटीत एक खारवी भेटला. त्याला म्हटले, "काय, वायू येणार ना?" तो म्हणाला, "आला तर जहाजाच्या भोवतालच्या पाण्यात आमाला जाऊ देणार नाहीत. नाय आला तर पोराला काम नाय. आमी कशाची मागणी करायची, ते तुमीच सांगा, मास्तर." मी मास्तर आहे हे त्याला माझ्या प्रश्नावरूनच कळले असावे. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात न दिलेले सल्ले फार थोडे आहेत. त्यांपैकी हा एक.

जानेवारी २०२२ मध्ये आतेभाऊ परत कतारला गेला. जुनी जागा भरली गेली होती. नवा करार कमी पगाराचा मिळाला. मला त्याने एका शब्दाने बोल लावला नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागले.

पुढच्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर स्वारी केली. युरोपला नळीने येणारा वायू आटू लागला, आणि सगळे जग तरंगत्या टर्मिनलांच्या शोधात निघाले. जर्मनीने विल्हेल्म्सहाफनला वर्षाच्या आत असे टर्मिनल उभे केले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे जहाज लागलेही. लिथुआनियाने तर २०१४ सालीच असे एक जहाज आणून त्याचे नाव 'इंडिपेंडन्स', म्हणजे स्वातंत्र्य, ठेवले होते. एका जहाजाने देशाचा वायू एकाच शेजाऱ्याच्या मुठीतून सुटतो, असा त्याचा अर्थ. तेव्हा वस्तू वाईट नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्याची निकड मोठी आणि ज्याची थैली मोठी, त्याच्या दारी ती लवकर जाते, इतकेच. जयगडला काही ती नांदली नाही. आमच्या धक्क्यावरून देशाच्या चुलींना वायू गेला नाही. जहाज निघाले, आणि पुढे ब्राझीलमध्ये सांतोसकडे कामाला लागले.

जे तरंगते ते आणणे सोपे. आणि जे आणणे सोपे ते नेणेही सोपे. ही गोष्ट कोकणातल्या माणसाला कोणी शिकवायला नको होती. आमच्याकडे शंभर वर्षे मिळवता माणूस तरंगताच आहे. कधी मुंबईच्या बोटीत, कधी आखाताच्या विमानात. काठावर उभे राहायचे ते बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि कलमांनी. मग आम्हांला असे का वाटले, की एक जहाज आले म्हणून त्याच्या दोराने आमचा माणूसही काठाला बांधला जाईल?

गेल्या दिवाळीला मी जयगडला होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आत्या माझ्याआधी उठली होती. न्हाणीघरात सोडणे आणि झावळ्या पेटवून तिने पाणी तापत ठेवले होते. घरात सिलिंडर आहे; पण अभ्यंगस्नानाचे पाणी चुलीवरचेच हवे, हा तिचा कायदा. तुळशीपुढे कारीट ठेवले होते. इतक्यात फोन वाजला. कतारमध्ये रात्रीचे तीन वाजले होते. आतेभाऊ रात्रपाळीला होता. मधल्या सुटीत त्याने फोन लावला होता. पडद्यावर त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि मागे नळ्यांवरचे दिवे, शेकडो. आत्या म्हणाली, "तुमच्याकडे रोषणाई छान आहे रे." तो हसला. नात पुढे झाली आणि तिने आपली सायकल दाखवली.

फोन संपल्यावर मला राहवले नाही. चार वर्षे जे बोललो नव्हतो ते बोललो. म्हटले, "आत्या, मी त्याला बोलावले नसते तर बरे झाले असते. पगार गेला, जागा गेली. माझ्या सांगण्यावरून त्याचे नुकसान झाले."

आत्या चुलीत झावळी सारीत होती. ती म्हणाली, "झालंच की नुकसान. तू म्हणतोस ते काही खोटं नाही."

मी खाली मान घातली. ती पुढे म्हणाली, "पण तो अकरा महिने घरी होता. वादळ झालं तेव्हा कौलं त्यानं चढवली, दुसऱ्या कोणी नाही. पोरीला सायकल त्यानं शिकवली. त्या आधी ती त्याला फोनमधला बाबा म्हणायची. मागच्या वाडीत सात कलमं लावलीन, ती बघितलीस का? लग्न झाल्यापासून या घरात पुरुषमाणूस सलग अकरा महिने राहिलेला मी कधी बघितला नव्हता. ना नवरा, ना मुलगा. तुझं जहाज रिकामं आलं असेल. माझ्यासाठी नाही आलं रिकामं."

मी काय बोलणार? पाहुणा काय घेऊन आला आणि काय घेऊन गेला, याचा हिशेब यजमानिणीनेच करावा. तिचा हिशेब माझ्या घनमीटरांत बसत नव्हता. पण त्यामुळे माझा हिशेब बरोबर ठरत नाही, हेही मला ठाऊक आहे. उद्या या किनाऱ्यावर आणखी एखादे जहाज येऊ घातल्याची बातमी येईल. तेव्हा ते किती घनमीटरांचे आहे हे मी विचारणार नाही. ते किती दिवस राहणार आणि किती जणांना घरी ठेवणार, एवढेच विचारीन. म्हणजे आत्याने पहिल्याच दिवशी विचारले होते तेच.

मी परसात जाऊन कलमे पाहून आलो. सातांपैकी पाच जगली आहेत. कमरेच्या वर आली आहेत. उजाडत होते. सड्यापलीकडे समुद्राचा आवाज येत होता.

"आता बसून काय राहिलास?" आत्या आतून ओरडली. "पाणी उकळतंय. कारीट फोड आणि ये."

मी टाचेखाली कारीट फोडले, 'गोविंदा' म्हटले, आणि मुकाट्याने न्हाणीघराकडे गेलो.